सातूच्या देशातून भाताच्या बांधीत: निर्वासित समाज एकत्र शिकतो तेव्हा काय बदलते

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात, नोर्ग्येलिंग नावाची एक वसाहत आहे. १९७२ साली, म्हणजे हा भाग अजून भंडारा जिल्ह्यात होता तेव्हा, येथे तिबेटी निर्वासितांना वसवण्यात आले. झाडीपट्टीचा हा मुलूख भाताचा आहे. येथे आलेली माणसे मात्र सातू पिकवणाऱ्या आणि याक पाळणाऱ्या, बारा-तेरा हजार फूट उंचीवरच्या देशातली होती. त्यांचे रोजचे अन्न म्हणजे त्साम्पा, अर्थात भाजलेल्या सातूचे पीठ. पाणी भरलेल्या बांधीत पोटरीपर्यंत चिखलात उभे राहून भाताची रोवणी करणे, पावसाचा अंदाज घेणे, मे महिन्यातले विदर्भाचे ऊन सोसणे, यांपैकी काहीही त्यांच्या आईवडिलांनी त्यांना शिकवलेले नव्हते, कारण त्यांनाही ते कधी करावे लागले नव्हते.

अशी माणसे नवे जग कसे शिकतात, आणि शिकता शिकता त्यांचा समाज आतून कसा बदलतो, हे समजून घेण्यासाठी भारतातल्या तिबेटी निर्वासितांइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. पासष्टहून अधिक वर्षांचा हा अनुभव आपल्या देशात, आणि थोडासा आपल्या राज्यातही घडला आहे. तरीही थंडीत स्वेटर विकणारी माणसे यापलीकडे आपल्याला त्यांची फारशी ओळख नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अभ्यासक ज्याला सामुदायिक शिक्षण म्हणतात, ते आपल्याला वाटते तितके अपरिचित नाही. गावातला बचत गट डोळ्यांसमोर आणावा. एखादी बाई गटात येते ती महिन्याला थोडे पैसे बाजूला पडावेत म्हणून. मग गटाच्या वहीवर अंगठ्याऐवजी सही करायला शिकते, हिशेब तपासायला शिकते, बँकेत साहेबांपुढे उभी राहून बोलायला शिकते आणि एके दिवशी ग्रामसभेत उठून पाण्याचा प्रश्न विचारते. तिला यातले काहीही कोणी वर्गात बसवून शिकवलेले नसते. ती कामातून, इतर बायकांबरोबर, एकमेकींचे पाहून शिकलेली असते. आता ग्रामसभेत तिच्या बोलण्याची दखल घ्यावी लागते, घरातही तिचे म्हणणे ऐकले जाते आणि तिच्या मुलीला हे सगळे मुळातच असे असते असे वाटू लागते. पहिल्या भागाला सामुदायिक शिक्षण म्हणावे आणि दुसऱ्या भागाला सामाजिक बदल. दोन्ही एकाच धाग्याची टोके आहेत.

निर्वासितांच्या बाबतीत या धाग्याला एक पीळ असतो. स्थिर गावात वडीलधारी माणसे जाणती असतात आणि मुले त्यांच्याकडून शिकतात. परागंदा झालेल्या समाजात हे उलटे होते. वडिलांचे ज्ञान, म्हणजे कोणत्या खिंडीत बर्फ कधी पडते किंवा याकाला कोणता आजार झाला आहे हे, नव्या जागी निरुपयोगी ठरते. नवी भाषा मुले आधी उचलतात आणि सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बाजारात आठ-दहा वर्षांची मुले आईबापांची दुभाषी होतात. त्यामुळे एकीकडे नवे शिकल्याशिवाय पोट भरत नाही आणि दुसरीकडे नवे शिकणारे मूल आपल्यापासून दूर चालले आहे ही धास्ती असते. तगून राहण्यासाठी बदलावे लागते आणि बदललो तर आपण आपण उरणार का, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. तिबेटी समाजाच्या सगळ्या निर्णयांमागे हाच प्रश्न दिसतो.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडला गेला. दलाई लामा महिनाअखेरीस सीमा ओलांडून भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० लोक आले. त्यांच्यासाठी आसामात मिसामारी आणि बंगालमध्ये बक्सा येथे छावण्या उघडण्यात आल्या. उन्हाची, मैदानी हवेची आणि येथल्या जंतूंची सवय नसलेल्या या माणसांमध्ये क्षयरोग आणि इतर आजार झपाट्याने पसरले. थंड हवेत काम मिळावे म्हणून हजारो लोकांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवण्यात आले. तेथे सरदार घराण्यातला माणूस, शेतकरी, भिक्षू आणि बायका एकाच रांगेत बसून खडी फोडत. ज्या समाजात कोणी कोणासमोर किती वाकावे हे जन्माने ठरत होते, त्या समाजाला हातोडी आणि रोजंदारीने जे शिकवले, ते कोणत्याही उपदेशाने शिकवता आले नसते. या बरोबरीची किंमत मात्र फार मोठी होती आणि ती सर्वाधिक लहान मुलांनी मोजली. आईबाप दिवसभर कामावर असत, मुले रस्त्याच्या कडेला तंबूत राहत आणि आजाराने, उपासमारीने, दरडींखाली सापडून दगावत.

१७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या रस्त्यांच्या छावण्यांतून ५१ मुलांना धर्मशाला येथे आणण्यात आले. बहुतेक मुले आजारी आणि कुपोषित होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि १९६४ साली त्यांचे निधन झाल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ती २००६ पर्यंत सांभाळली. त्या पाळणाघरातूनच आजचे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज उभे राहिले. नावात व्हिलेज म्हणजे गाव आहे, आणि ते नुसते नावापुरते नाही. मुले मोठ्या वसतिगृहाच्या दालनात न राहता लहान लहान घरांत राहतात, प्रत्येक घराची एक ‘आमा-ला’, म्हणजे आई, असते, आणि थोरली मुले धाकट्यांना अंघोळ घालतात, भाजी चिरतात, अभ्यास घेतात. ज्या मुलांचे घर तुटले आहे त्यांना आधी घर द्यावे आणि शाळा त्या घराला जोडावी, हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. पुस्तकापेक्षाही कुटुंबात कसे राहावे हे शिकणे त्या मुलांना अधिक दुर्मीळ होते.

शाळांचा प्रश्न त्याहून अवघड होता. ही मुले जवळच्या सरकारी शाळांत घातली असती तर ती लवकर रुळली असती, पण एका पिढीत तिबेटी लिहिणे-वाचणे संपले असते. पंडित नेहरूंनी तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात असे सुचवले आणि त्यांचा खर्च भारत सरकारने उचलला. मार्च १९६० मध्ये मसुरीत पहिली शाळा सुरू झाली आणि १९६१ साली अशा शाळांसाठी शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत एक स्वायत्त संस्था स्थापन झाली. जगातल्या बहुतेक निर्वासितांना अशी सोय मिळालेली नाही, हे लक्षात ठेवायला हवे. एकत्र शिकायचे तर एकत्र बसायला जागा लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा यजमान देशाच्या हातात असते.

तरीही या शाळांत बराच काळ इंग्रजी हेच मुख्य माध्यम राहिले. मुले घरी तिबेटी बोलत, पण गणित आणि विज्ञान त्यांना त्या भाषेत सांगता येत नसे. मराठी घरातली इंग्रजी माध्यमातली मुले ‘चौऱ्याऐंशी म्हणजे किती’ असे विचारतात तेव्हा आपल्याला जे वाटते, तेच तेथल्या पालकांना आणि शिक्षकांना वाटत असणार. १९८५ पासून चिल्ड्रन्स व्हिलेजने प्राथमिक वर्ग टप्प्याटप्प्याने तिबेटी माध्यमात नेले. त्यासाठी पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागली आणि तिबेटीत कधीच न बोललेल्या गोष्टींसाठी शब्द घडवावे लागले. भिक्षू, शिक्षक आणि विज्ञान शिकलेले तरुण असे शब्द ठरवायला एकत्र बसतात तेव्हा ते नुसता शब्दकोश करत नसतात, आपली भाषा उद्याच्या कामाची आहे असे स्वतःला सांगत असतात.

या शाळांनी आणखी एक गोष्ट नकळत केली. जुन्या तिबेटात ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो हे तीन मोठे प्रदेश होते. त्यांच्या बोली इतक्या वेगळ्या होत्या की एकाचे बोलणे दुसऱ्याला समजायला जड जाई, आणि माणसाची निष्ठा आधी आपल्या प्रदेशाशी, आपल्या खोऱ्याशी आणि आपल्या मठाशी असे. तिन्हीकडची मुले एका खोलीत झोपू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली, तेव्हा त्यांच्यात सगळ्यांना समजेल अशी एक बोली घडत गेली. आपण सगळे तिबेटी आहोत ही भावना आज आपल्याला प्राचीन वाटते. ती ज्या स्वरूपात दिसते त्या स्वरूपात बऱ्याच अंशी निर्वासनातल्या शाळांत आणि वसाहतींत शिकली गेलेली आहे.

वसाहतींचा आरंभ कर्नाटकातल्या बैलकुप्पे येथे झाला. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने सुमारे ३,००० एकर जंगल दिले आणि १९६० च्या अखेरीस पहिले लोक तेथे पोहोचले. कूर्गच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबे आज तेथले सुवर्णमंदिर आवर्जून पाहतात. त्या देखण्या प्रांगणाभोवतीची जमीन झाडे तोडून, जाळून, हत्तींपासून राखून माणसांनी लागवडीखाली आणली आहे. आरंभी हाती आलेली पिके मक्यासारखी अनोळखी होती. शेती एकेकट्याने शिकणे शक्य नव्हते, म्हणून बियाणे, ट्रॅक्टर, धान्याची विक्री हे सगळे सहकारी संस्थांमार्फत चालू लागले. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्राच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. संस्थेची निवडणूक, संचालक मंडळ, ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेतले वाद हे सगळे आपण पाहिलेले असते. ज्यांनी आजवर जमिनीचा धनी म्हणून मठ किंवा सरदार पाहिला होता, त्यांच्यासाठी सभेत हात वर करून हिशेब विचारणे ही मोठीच उडी होती.

लोकशाही हा या समाजाने शिकलेला सर्वांत विलक्षण धडा आहे, कारण तो उलट दिशेने आला. इतरत्र प्रजा हक्क मागते आणि राजा ते नाकारतो. येथे राजाच्या जागी असलेला माणूस हक्क देऊ करत होता आणि प्रजा ते घ्यायला तयार नव्हती. २ सप्टेंबर १९६० रोजी निर्वासितांच्या पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. ते १३ जण होते, तिन्ही प्रदेशांचे प्रत्येकी तीन आणि चार बौद्ध परंपरांचा प्रत्येकी एक. हा दिवस आजही लोकशाही दिन म्हणून पाळला जातो. १९६३ साली राज्यघटनेचा मसुदा जाहीर झाला, त्यात प्रतिनिधींना दोन-तृतीयांश बहुमताने दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील असे कलम होते. सामान्य लोकांना ते वाचून धक्का बसला. ज्यांच्यासमोर आपण साष्टांग दंडवत घालतो, त्यांना पदावरून दूर करण्याचा विचारसुद्धा पाप वाटणारी ही माणसे होती. ते कलम राहावे हा आग्रह स्वतः दलाई लामांचा होता.

कागदावरचे कलम माणसांच्या अंगवळणी पडायला मात्र पुढची पन्नास वर्षे लागली, आणि ती वर्षे वसाहतींच्या सभांत, स्थानिक निवडणुकांत, चहाच्या दुकानांतल्या वादांत गेली. या निवडणुकीची रीतही समजून घेण्याजोगी आहे. पहिल्या फेरीत मतदार स्वतःच्या मनातले नाव लिहून देतो, ज्यांची नावे अधिक येतात त्यांच्यातून अंतिम यादी होते आणि दुसऱ्या फेरीत निवड होते. मतदानासाठी लागते ती ‘हिरवी वही’, म्हणजे धर्मशाला येथून चालणाऱ्या तिबेटींच्या निर्वासित प्रशासनाला १९७२ पासून ऐच्छिक कर भरणाऱ्याची नोंदवही. ज्या सरकारकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही आणि कर न भरल्यास दंड करण्याची सोयही नाही, त्याला लोक वर्षानुवर्षे आपण होऊन कर भरतात. नागरिकत्व म्हणजे काय हे शिकण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला सुचत नाही.

१९९१ साली निर्वासितांची नवी सनद आली, २००१ मध्ये प्रशासनाचा प्रमुख प्रथमच थेट मतदानाने निवडला गेला, आणि २०११ मध्ये दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. तेव्हाही अनेकांनी त्यांना विनवण्या केल्या, अनेकांना रडू आवरले नाही. तरी पुढच्या निवडणुका वेळेवर झाल्या, त्यांत कडवट आरोपही झाले, आणि २०२१ साली नवा प्रमुख निवडून आला. उणिवाही स्पष्ट आहेत. लोकप्रतिनिधी निवडताना भिक्षू आणि भिक्षुणींना प्रदेशाचे एक आणि धार्मिक परंपरेचे एक अशी दोन मते असतात, तर सामान्य तिबेटी स्त्री-पुरुषांना एकच. मतदार यावर आता उघडपणे बोलतात, आणि पूर्वीच्या मौनाशी तुलना केली तर हे बोलणे हाच बदल आहे.

रोजगाराच्या बाबतीत स्वेटरचा धंदा बहुतेकांना माहीत असतो. लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल घ्यायचा, दिवाळीच्या आगेमागे पुणे, नागपूर, मुंबईसारख्या शहरांत पाल टाकायचे, आणि थंडी सरली की हिशेब चुकता करायचा. आमच्या शहरातल्या अशा रांगेत ‘एक भाव’ची पाटी लावलेल्या एका गाळ्यावर मी दर वर्षी जातो. तेथली साठीच्या पुढची बाई गिऱ्हाईक मराठी आहे हे ओळखून “पावणेसातशे, ताई, कमी नाही होणार,” असे म्हणते आणि लगेच शेजारच्या गाळ्यातल्या भाचीशी तिबेटीत बोलू लागते. ‘पावणे’ हा शब्द आमच्या घरातल्या मुलांनाही नीट येत नाही, तो तिने बाजारात उभे राहून मिळवला आहे. या धंद्याची दुसरी बाजू अशी की ते तीन-चार महिने मुले वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात.

शिक्षणाने सगळे सुटले असे मुळीच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. येथे जन्मलेल्या बऱ्याच तिबेटींकडेही अजून परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला असतो आणि तो ठरावीक मुदतीने नूतनीकरण करून घ्यावा लागतो. पदवी हाती असलेल्या मुलाला सरकारी नोकरी, कर्ज, घर, प्रवास या प्रत्येक ठिकाणी तो दाखला आडवा येतो. २०१४ च्या केंद्रीय पुनर्वसन धोरणाने काही सवलती दिल्या, पण त्यांची अंमलबजावणी राज्यागणिक वेगळी आहे. त्यामुळे शिकलेले तरुण टोरांटो, न्यूयॉर्क, झुरिककडे निघाले. २००८ नंतर तिबेटमधून येणाऱ्यांचा ओघही जवळजवळ आटला. वसाहतींमध्ये म्हातारी माणसे उरली, काही शाळा पटसंख्येअभावी एकमेकींत विलीन झाल्या. ज्या शाळा समाज टिकवण्यासाठी उघडल्या, त्यांनीच मुलांना बाहेर पडण्याची ताकद दिली, हे दुःख कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या गावांनाही कळेल, कारण शिकलेला मुलगा परत येत नाही हे त्यांनीही अनुभवले आहे.

तरीही सर्वांत खोल बदल कोठे झाला असे मला विचारले, तर मी भिक्षुणींकडे बोट दाखवीन. जुन्या तिबेटात भिक्षुणी पुष्कळ होत्या, पण त्यांचा दिवस मुख्यतः प्रार्थना आणि विधी यांत जाई. तत्त्वज्ञानाचा पद्धतशीर अभ्यास हा भिक्षूंचा प्रांत होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिबेटमधून पळून आलेल्या अनेक भिक्षुणी धर्मशाला येथे पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकींना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. १९८७ मध्ये त्यांच्या निवाऱ्यासाठी आणि शिक्षणासाठी काम सुरू झाले आणि पुढे धर्मशालाजवळ डोल्मा लिंग ही संस्था उभी राहिली. लिहिण्यावाचण्यापासून आरंभ केलेल्या या स्त्रियांना पुढे तर्कशास्त्र शिकायचे होते, आणि तिबेटी परंपरेत तर्कशास्त्र वादविवादाशिवाय शिकता येत नाही.

हा वादविवाद कसा असतो ते पाहायला हवे. उत्तर देणारा जमिनीवर बसतो आणि प्रश्न विचारणारा उभा राहतो. प्रश्न टाकताना तो उजवा हात मागे नेतो, डावा पाय उचलतो आणि पाय दणकन आपटतानाच उजवा तळहात डाव्यावर असा मारतो की टाळीचा आवाज अंगणभर घुमतो. उत्तर चुकले तर आवाज चढतो, आजूबाजूचे हसतात, पुन्हा टाळी पडते. असे दहा-वीस जोड्यांचे वाद एकाच अंगणात एकाच वेळी चालतात. खाली मान घालून, पावलांचा आवाज न करता चालणे हीच ज्यांची रीत मानली गेली होती, त्या स्त्रियांनी हे करायचे होते. संकोच मोडायला वेळ लागला. आरंभी शिकवणारे सगळे पुरुष होते. १९९५ पासून वेगवेगळ्या मठांतल्या भिक्षुणी दर वर्षी महिनाभर एकत्र जमून वाद करू लागल्या. एका मठातली शिकलेली युक्ती दुसऱ्या मठात गेली आणि कोणाचा आवाज चढला म्हणून कोणाला अवघडल्यासारखे होईनासे झाले.

गेशे ही तिबेटी मठशिक्षणातली सर्वोच्च पदवी, आणि तिच्यासाठी सतरा-अठरा वर्षांचा अभ्यास लागतो. भिक्षुणींना ती मिळत नव्हती. त्यांना पूर्ण दीक्षेची परंपरा तिबेटात नसल्याने विनयग्रंथांचा, म्हणजे दीक्षितांच्या आचारनियमांच्या ग्रंथांचा, संपूर्ण अभ्यास करता येत नाही, असे कारण दिले जाई. बरीच वर्षे चर्चा झाल्यावर २०१२ साली त्यांनाही पदवी द्यावी असे ठरले, परीक्षा चार वर्षे चालल्या आणि २२ डिसेंबर २०१६ रोजी कर्नाटकातल्या मुंडगोड येथे दलाई लामांच्या हस्ते २० भिक्षुणींना ‘गेशेमा’ ही पदवी मिळाली. पूर्ण दीक्षेचा प्रश्न सुटला नाही, पण पदवीची वाट त्याच्यासाठी अडून राहिली नाही. तिबेटात शेकडो वर्षांत जे झाले नव्हते, ते परागंदा अवस्थेत, दुसऱ्याच्या भूमीवर झाले.

आता काही गेशेमा भिक्षुणींच्या मठांत स्वतः शिकवतात. समोर बसणाऱ्यांत तिबेटहून आलेल्या मुली कमी आणि स्पिती, किन्नौर, लडाखच्या हिमालयी खेड्यांतल्या मुली अधिक असतात. त्या निर्वासित नाहीत, भारताच्या नागरिक आहेत, आणि आपल्या आज्यांना जे शिकता आले नाही ते त्या एका निर्वासित स्त्रीकडून शिकत आहेत. संध्याकाळी अंगणात वाद सुरू होतो तेव्हा टाळी मारायला बिचकणाऱ्या नव्या मुलीचा हात धरून थोरली भिक्षुणी तिला दाखवते की हात किती मागे न्यायचा आणि पाय केव्हा आपटायचा.